‘घरगुती’ म्हणजे कोणाच्या घरचे?

सिन्नरचे नाव काढले की कोणी गोंदेश्वराचे हेमाडपंती मंदिर सांगतो, कोणी विडी कारखाने, कोणी माळेगाव-मुसळगावच्या औद्योगिक वसाहती. आंबेडकरी माणसाला मात्र सिन्नर म्हटल्यावर ऑगस्ट १९४१ आठवला पाहिजे. त्या महिन्यात येथे महार, मांग आणि वेठिया वतनदारांची परिषद भरली आणि वतनी जमिनींवर मुंबई सरकारने बसविलेल्या कराविरुद्ध बाबासाहेबांनी येथे आवाज उठविला. वतन हा शब्द ऐकायला मोठा भारदस्त आहे. प्रत्यक्षात त्याचा अर्थ एवढाच की रात्रंदिवस सरकारची आणि गावाची राबणूक करायची आणि बदल्यात जमिनीचा तुकडा, बलुत्याचे चार दाणे आणि उंबऱ्याबाहेर उभे राहून मागितलेली शिळी भाकर घ्यायची. १९२७ च्या मार्चमध्ये महाडला बाबासाहेबांनी बजावले होते की उष्टे-शिळे मागणे सोडा, मेलेल्या जनावराचे मांस सोडा. १९२८ साली त्यांनी वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक कायदेमंडळात मांडले. वतने प्रत्यक्षात खालसा व्हायला मात्र १९५८ चा कायदा यावा लागला. मागून आणलेल्या भाकरीचा अध्याय तेथे संपला.

आज त्याच सिन्नरमधून जाणाऱ्या रस्त्यांवर भाकरी विकली जाते, आणि चांगली दणकून विकली जाते. नाशिक-पुणे रस्ता, शिर्डीचा रस्ता, रामनवमीच्या सुमारास मुंबईहून चालत निघणाऱ्या साईपालख्या, कारखान्यांच्या पाळ्या सुटल्यावर बाहेर पडणारे कामगार! खाणाऱ्यांना येथे तोटा नाही. प्रश्न वाढणाऱ्याचा आहे. ही भाकरी विकतो कोण, आणि कोणाच्या नावाने विकतो? हे पाहावे म्हणून गेले दोन महिने आम्ही आणि आमचे तीन-चार सहकारी कोर्टाचे कामकाज आटोपले की संध्याकाळी बाहेर पडत होतो. बसस्थानकाचा परिसर, आडवा फाटा, शिर्डी रस्ता, मुसळगाव आणि माळेगावची प्रवेशद्वारे, काही वेळा थेट नाशिक शहरापर्यंत. मिसळ, भेळभत्ता, वडापाव, दाबेली, सँडविच, चायनीज, शेवभाजी, मटण-भाकरी, काहीही सोडले नाही. खर्च अर्थातच ज्याचा त्याने केला.

चवीबद्दल आमची कोणाशी तक्रार नाही. काळ्या रश्श्याची मिसळ, वर पापड आणि वाटीत दही, ही नाशिककडची खासियत सिन्नरलाही तितकीच झणझणीत मिळते. बसस्थानकाजवळच्या एका गाडीवरचा भेळभत्ता आमच्या एका सहकाऱ्याने तीन दिवस सलग खाल्ला आणि चौथ्या दिवशी तो तारखेला हजर राहिला नाही, एवढे सांगितले म्हणजे पुरे. शिर्डी रस्त्यावर एका ठिकाणी बाजरीची भाकरी तव्यावरून थेट ताटात येत होती, सोबत मिरचीचा ठेचा आणि कच्चा कांदा. असे जेवण मिळाले तर माणसाला दुसरे काय हवे?

पण आम्ही पोटाबरोबर डोळेही उघडे ठेवून गेलो होतो. हॉटेलच्या पाट्या वाचणे हा एक अभ्यासच आहे. ‘शुद्ध शाकाहारी’ ही पाटी सर्वत्र आहे. शुद्ध हा शब्द भाजीला लागतो की भाजी करणाऱ्याला, हे पाटी सांगत नाही, पण वाचणाऱ्याला बरोबर कळते. महाराष्ट्रात कोठेही जा, मालवणी, आगरी, खानदेशी, कोल्हापुरी, मराठा पद्धतीचे मटण, ब्राह्मणी चवीचे जेवण, अशा पाट्या भेटतात. कोणी प्रदेशाचे नाव लावतो, कोणी सरळ जातीचे, आणि ते लावल्याने गिऱ्हाईक वाढते म्हणूनच लावतो. या दोन महिन्यांत आम्हाला ‘बौद्ध पद्धतीचे जेवण’ किंवा ‘महारवाड्यातले मटण’ अशी एकही पाटी दिसली नाही. मातंग, चर्मकार या आमच्या बांधवांचीही दिसली नाही. म्हणजे या समाजांना स्वयंपाक येत नाही की काय?

येतो, हे मेन्यूकार्डच सांगते. वजडी, रक्ती, मुंडी, पाया हे पदार्थ आता हॉटेलांत ‘स्पेशल’ म्हणून चढ्या भावाने मिळतात. जनावराचा चांगला भाग गावाच्या वाट्याला जायचा आणि उरलेसुरले आमच्या माय-आज्यांकडे यायचे. त्या उरल्यासुरल्याला चव आणण्याची विद्या त्यांनी कमावली. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या २०१५ साली आलेल्या पुस्तकात मराठवाड्यातील महार-मांगांच्या या खाद्यसंस्कृतीची नोंद करून ठेवली, हे त्यांचे मोठे काम आहे. पुस्तकाच्या नावातच सारे आले. अन्नाला पूर्णब्रह्म म्हणणाऱ्यांच्या ताटात आमचे अन्न कधी मोजलेच गेले नव्हते. आता ते मोजले जाते, पण पदार्थ आमचा आणि पाटी दुसऱ्याची, अशा रीतीने.

सर्वात बोलका शब्द आम्हाला सापडला तो ‘घरगुती’. घरगुती जेवण, घरगुती मसाला, घरगुती चव. ऐकायला किती निष्पाप! पण घरगुती म्हटले की पुढचा प्रश्न आपोआप येतो, कोणाच्या घरचे? आणि या देशात घर म्हणजे जात. हा प्रश्न कोणी तोंडाने विचारत नाही. आडनावाने, गल्लीने, भिंतीवरच्या तसबिरीने तो सोडवून घेतला जातो.

याची दोन उदाहरणे सांगतो. दोघेही आपल्याच समाजातील आहेत. त्यांचा धंदा त्यांना करायचा आहे, म्हणून नावे देत नाही.

एक तरुण, आयटीआय झालेला, कारखान्यातील कंत्राटी नोकरी गेल्यावर त्याने सँडविचची गाडी टाकली. हिरवी चटणी, उकडलेला बटाटा, काकडी, बीट, वर चीज, आणि शेजारी शेगडीवर टोस्टचा साचा. संध्याकाळी कॉलेजच्या मुलामुलींची गर्दी असते. त्याला त्याची जात आजवर कोणी विचारलेली नाही. त्याच्या ओळखीचे आपल्याच वस्तीतील आणखी काहीजण चायनीजच्या गाड्या लावतात, त्यांनाही विचारलेली नाही. “दादा, मंचुरियनला कोण जात विचारणार? चीनला जाऊन विचारायला लागंल,” असे तो हसत हसत म्हणाला. आम्हीही हसलो, पण त्याने फार मोलाची गोष्ट सांगितली होती. ज्या पदार्थाला येथील परंपरा नाही, तेथे आमच्या पोराला वाट मोकळी आहे.

दुसरे उदाहरण एका ताईचे. वीस वर्षे विड्या वळल्या. बोटे आणि छाती दोन्ही कुरकुरायला लागल्यावर बचतगटाचे कर्ज काढून तिने कारखान्यांच्या वाटेवर ‘घरगुती मटण-भाकरी’ सुरू केली. तिच्या हातचा रस्सा आम्ही खाल्ला आहे. शिर्डी रस्त्यावरच्या कोणत्याही मोठ्या हॉटेलाने तिच्याकडे शिकायला यावे असा आहे. पहिले दोन महिने गर्दी झाली. मग एका गिऱ्हाइकाने सहज विचारल्यासारखे विचारले, “मावशी, आडनाव काय तुमचं? कुठल्या गल्लीत राहता?” ताईने खरे सांगितले. भांडण झाले नाही, शिवीगाळ झाली नाही, गाडा कोणी उलटवला नाही. माणसे फक्त यायची कमी झाली. परप्रांतीय कामगार येत राहिले, गावातली ओळखीची तोंडे पुढच्या गाड्यावर दिसू लागली. तिने आम्हाला विचारले, “वकीलसाहेब, याच्यावर केस होती का हो?”

होत नाही. कायद्याचे काम करणाऱ्याला हे सांगताना जिभेवर दगड ठेवल्यासारखे होते, पण होत नाही.

आमच्याकडे कायदे नाहीत असे नाही. संविधानाच्या अनुच्छेद १५(२) ने दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले यांत प्रवेश करताना जातीच्या कारणाने कोणालाही अडविता येणार नाही असे ठरविले. संविधान सभेत या तरतुदीवर चर्चा झाली तेव्हा ‘दुकान’ या शब्दाचा अर्थ बाबासाहेबांनी फार व्यापक करून सांगितला होता. मागणाऱ्या कोणालाही आपली सेवा देण्यास जो तयार आहे त्याची जागा म्हणजे दुकान. अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. १९५५ च्या कायद्याने, ज्याला १९७६ च्या दुरुस्तीनंतर नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणतात, हॉटेलात प्रवेश नाकारणे, तेथील भांडी वापरू न देणे हा गुन्हा ठरविला. बाहेर ठेवलेला कान तुटलेला कप आणि नरोटीतला चहा आमच्या वडिलांच्या पिढीने भोगला. तो हटविण्यामागे या कायद्यांचे बळ आणि त्याहून जास्त चळवळीचा दरारा होता. त्याच कायद्याच्या कलम ४ मध्ये एक गोष्ट आहे जी आपल्या कार्यकर्त्यांनाही फारशी ठाऊक नसते. कोणताही व्यवसाय किंवा धंदा करण्यास अस्पृश्यतेच्या कारणाने मज्जाव करणे हाही गुन्हा आहे. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ साली झालेल्या दुरुस्तीनेही धंद्यातील अडवणूक आणि सामाजिक-आर्थिक बहिष्कार यांना गुन्ह्यांच्या यादीत स्पष्टपणे बसविले.

म्हणजे ताईचा गाडा कोणी बंद पाडला, जागा द्यायला जातीमुळे नकार दिला, गावाला ‘तिच्याकडे खाऊ नका’ म्हणून चिथावले, तर आम्ही उद्या सकाळी पोलीस ठाण्यात उभे राहू. पण गिऱ्हाईक गुपचूप आलेच नाही तर? न येणाऱ्या माणसावर कोणते कलम लावणार? आम्हाला दुसऱ्याच्या दारात शिरण्याचा हक्क कायद्याने मिळाला. दुसऱ्याने आमच्या दारात येऊन जेवावे असा हक्क कोणताही कायदा देऊ शकत नाही. खाणाऱ्याची अस्पृश्यता हटली तेवढी रांधणाऱ्याची हटलेली नाही. याला पुरावा हवा असेल तर २०२१ च्या डिसेंबरात उत्तराखंडच्या चंपावत जिल्ह्यात सरकारी शाळेतील मुलांनी दलित भोजनमातेच्या हातचे खाण्यास नकार दिला, ते आठवा. मध्यान्ह भोजनाच्या स्वयंपाक्यांच्या नेमणुकीत दलितांना प्राधान्य द्या असे सर्वोच्च न्यायालयाने २००४ सालीच सांगितले होते. आपला महाराष्ट्र पुरोगामी म्हणून कोणी मान ताठ करू नये. २०१७ साली पुण्यात हवामान खात्यातील एका वरिष्ठ शास्त्रज्ञ बाईंनी, स्वयंपाकीण ब्राह्मण नसताना तसे भासवून सोवळ्याचा स्वयंपाक केला म्हणून पोलिसांत फिर्याद दिली होती. ती स्वयंपाकीण दलितही नव्हती, मराठा होती! पावसाचा अंदाज उपग्रहावरून आणि सोवळ्याचा अंदाज आडनावावरून, असे हे विज्ञान.

गंमत पाहा, ज्या सँडविचच्या पावाला आज जात नाही, त्याला एकेकाळी फार मोठी जात होती. पाव म्हणजे ख्रिस्त्याच्या हातचा, तो खाल्ला तर धर्म बुडाला. १८४९ साली मुंबईत निघालेल्या परमहंस सभेत सभासद होताना परधर्मीयाच्या हातचा पाव खाऊन दाखवावा लागे. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये रानडे, टिळक आदी मंडळींना चहा-बिस्किटे दिली गेली, तर केवढे ग्रामण्य माजले! प्रायश्चित्तापर्यंत मजल गेली. आज त्याच पुण्यातले शुद्ध शाकाहारी गृहस्थ वडापावच्या गाडीवर उभे राहून, पाव कोणत्या बेकरीतून आला हे न विचारता, दोन-दोन हाणतात. शास्त्रे बदलली का? नाही. लोकांना सवय झाली, भूक लागली, घाई झाली, आणि विटाळ विसरला गेला. म्हणजे विटाळ हा अन्नात नसतो हे त्यांच्याच पोटाने सिद्ध केले आहे. मग पावाचा विटाळ गेला तसा ताईच्या रश्श्याचा का जाऊ नये?

तो आपोआप जाणार नाही, हे छत्रपती शाहू महाराजांनी ओळखले होते. गंगाराम कांबळे हे त्यांच्या पदरचे अस्पृश्य सेवक. पाण्याला शिवले म्हणून सवर्ण नोकरांनी त्यांना फोडून काढले. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामांना स्वतंत्र धंदा कर म्हणून कोल्हापुरात हॉटेल काढून दिले. पण पैसे देऊन महाराज थांबले नाहीत. हॉटेलला अस्पृश्याची पाटी आणि गिऱ्हाईक नाही, ही ताईसारखीच अवस्था होती. तेव्हा महाराज स्वतःची गाडी भर रस्त्यात थांबवून गंगारामांकडचा चहा मागवू लागले, आणि बरोबरच्या सरदार-दरकदारांनाही पाजू लागले. राजाने हुकूम काढला नाही, राजा गिऱ्हाईक झाला! आमच्या मते अस्पृश्यता निवारणाच्या इतिहासात या एका कप चहाची किंमत अनेक ठरावांपेक्षा जास्त आहे.

अमेरिकेतील काळ्या बांधवांचा दाखलाही येथे घ्यावा लागेल. १ फेब्रुवारी १९६० रोजी ग्रीन्सबरो गावात चार काळे विद्यार्थी वूलवर्थ दुकानाच्या गोऱ्यांसाठी राखीव खाण्याच्या काउंटरवर जाऊन बसले. वाढले नाही तरी उठले नाहीत, आणि त्याच वर्षी जुलैमध्ये तो काउंटर सर्वांना खुला झाला. हा झाला आपल्या चवदार तळ्यासारखा लढा. पण त्यांची दुसरी आघाडीही होती. न्यू ऑर्लिन्स शहरात ‘डुकी चेस’ नावाचे काळ्या कुटुंबाचे उपाहारगृह आहे. सँडविच आणि लॉटरीची तिकिटे विकणाऱ्या छोट्या दुकानातून १९४१ साली, म्हणजे सिन्नरची परिषद भरली त्याच वर्षी, ते उभे राहिले. लिआ चेस या बाईंनी तेथे आपल्या लोकांचे जेवण सन्मानाने टेबलावर मांडले. माडीवरच्या खोलीत नागरी हक्क चळवळीच्या बैठका झाल्या. काळे-गोरे एकत्र बसून जेवणे तेव्हा तेथे बेकायदा होते, तरी ते जेवत. दुसऱ्याच्या काउंटरवर बसण्याचा लढा आणि स्वतःचा काउंटर उभारण्याचा लढा त्यांनी बरोबरच चालविला. आपण पहिला लढलो, दुसरा अर्ध्यात सोडला.

अर्ध्यात सोडला म्हणतो, कारण आपले लोक धंद्यात नाहीत असे नाही. या फेरीत आम्हाला आपल्या बांधवांची बरीच दुकाने भेटली. पण पाटीवर ‘साई’, ‘अन्नपूर्णा’, ‘जय मल्हार’! गल्ल्याच्या वर साईबाबा, गणपती. बुद्धाची मूर्ती आत, स्वयंपाकघराच्या फळीवर. एक बांधव म्हणाले, “जयभीम घरी, वकीलसाहेब. गल्ल्यावर बसलं की नमस्कार.” त्यांना दोष देणे सोपे आहे, आम्ही देणार नाही. कर्जाचे हप्ते पाटीवर भागत नाहीत.

येथे कोणी विचारील की मग तुम्हीही पाटीवर नाव लावायला सांगता आणि उत्तर प्रदेश सरकारनेही २०२४ च्या कावड यात्रेत दुकानदारांना नावे लावायला सांगितली होती, फरक काय? फरक मोठा आहे. ती सक्ती होती, आणि ती नाव पाहून टाळता यावे यासाठी होती. सर्वोच्च न्यायालयाने २२ जुलै २०२४ रोजी तिला अंतरिम स्थगिती देताना स्पष्ट केले की दुकानदाराने कोणते अन्न विकतो ते सांगावे, मालकाचे व नोकरांचे नाव सांगण्याची सक्ती करता येणार नाही. नाव लपविण्याचा हक्क हा दुबळ्याचे कवच आहे, ते कोणी हिसकावू नये. आम्ही बोलतो ते नाव न लपवताही पोट भरता यावे याबद्दल. आणि ते सरकार करू शकत नाही, गिऱ्हाईकच करू शकते.

आता हे गिऱ्हाईक कोण? सवर्णांचे मतपरिवर्तन होईल तेव्हा होईल. आधी आपला हिशेब पाहू. १४ एप्रिल, बुद्ध पौर्णिमा, वर्षावासाचे भोजनदान, धम्मपरिषदा, मंगल परिणय, पुण्यानुमोदन! सिन्नर तालुक्यातच वर्षभरात आपल्या किती पंगती उठतात, आणि त्यांचे आचारी कोण असतात? बहुतेक ठिकाणी ‘नेहमीचे केटरर’, आणि ते आपले नसतात. उलट आपल्याकडील काही सुशिक्षित मंडळी पाहुण्यांना अभिमानाने सांगतात की आचारी अमक्या उच्च जातीचा आहे. हे ऐकले की कपाळावर हात मारावासा वाटतो. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या माणसाला आचाऱ्याच्या जातीचा अभिमान कसला? नोकरदार वर्गाने तर महिन्यातून दोन वेळा ताईच्या गाड्यावर सहकुटुंब जावे, आणि बरोबर कार्यालयातील मराठा, माळी, वंजारी, ब्राह्मण मित्रांना घेऊन जावे. शाहू महाराजांचे चित्र कार्यालयात लावतो, तर त्यांचे गिऱ्हाईकपणही थोडे उचलावे.

ताईने या महिन्यात गाड्याची जागा बदलली आहे. ‘घरगुती’ हा शब्द तिने काढलेला नाही. तिथे हातगाडीवाल्यांच्या जागेचा प्रश्न येतो, आणि त्याला कायदा आहे. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याप्रमाणे प्रत्येक शहरात नगर पथविक्रेता समिती हवी. तिच्यात किमान ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांनी निवडून दिलेले हवेत, त्यांतील एक तृतीयांश महिला, आणि अनुसूचित जाती-जमातींनाही योग्य प्रतिनिधित्व हवे. विक्रेत्यांचे सर्वेक्षण दर पाच वर्षांतून किमान एकदा व्हायला हवे, आणि ते होईपर्यंत व प्रमाणपत्र मिळेपर्यंत कोणालाही उठविता येत नाही. तेव्हा आपापल्या नगरपरिषदेत माहितीच्या अधिकारात, दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावून, एवढेच विचारावे. समिती केव्हा स्थापन झाली, निवडणूक केव्हा झाली, सदस्यांत अनुसूचित जातीचे आणि महिला किती, शेवटचे सर्वेक्षण कोणत्या तारखेला झाले, खाद्यपदार्थ विकणाऱ्या किती जणांना प्रमाणपत्र दिले. उत्तर तीस दिवसांत द्यावे लागते, न आल्यास पहिले अपील. अर्जाचा मसुदा आम्ही तयार ठेवला आहे. ज्यांना हवा त्यांनी कामकाजाच्या कोणत्याही दिवशी, दुपारच्या सुट्टीत, सिन्नर कोर्टाच्या आवारात येऊन घेऊन जावा.